यादीत हयात

"यात मी खोटं बोलतोय का?" वाचता वाचता थांबून त्यानं विचारलं. तालमीच्या खोलीतला पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करतो, म्हणून वाचनाच्या वेळी तो बंद असतो. मे महिना, सदाशिव पेठेतली पहिल्या मजल्यावरची खोली, घामानं बोटांना चिकटणारे कागद, आणि चहा सांगायला गेलेला मुलगा अजून परतलेला नाही. अशा वेळी नटांचे प्रश्न सहसा 'ब्रेक कधी' याच जातीचे असतात. पण हा बारामतीकडचा मुलगा प्रत्येक वाक्याची कॉलर धरतो. पडद्यासाठी मी लिहिलेल्या उपहासाच्या संहितेत त्याच्याकडे पात्र आहे दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यातल्या एका कारकुनाचं. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटली जायची, तिच्या याद्या याच्या ताब्यात. यादीत एक शास्त्रीबोवा आहेत. ते वारले त्याला सात वर्षं झाली, आणि त्यांच्या नावची दक्षिणा दर श्रावणात बिनबोभाट उचलली जाते आहे. कोणीतरी ही गोष्ट कारकुनाच्या कानावर घालतं. त्यावर तो म्हणतो, "शास्त्रीबोवा वारले ही गोष्ट खरी, परंतु दफ्तरीं ते हयात असल्याकारणें दक्षिणा थांबवितां येत नाहीं." खोलीत हशा झाला होता. दिग्दर्शकानं मान डोलावली होती. लिहिणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं! आणि हा विचारतोय, मी खोटं बोलतोय का.

"सांगते विचार करून," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

एरवी हा प्रश्न अवघड नसतो. पात्र खोटं बोलत असेल तर ते लेखकाला ठाऊक असतं. नटाला सांगायचं आणि प्रेक्षकापासून लपवायचं, एवढंच. पण या कारकुनाचं काय करायचं? शास्त्रीबोवा वारले हे तो कबूल करतोय. दफ्तरात ते हयात आहेत हेही खरंच आहे. दोन खऱ्या गोष्टी त्यानं शेजारी शेजारी अशा बसवल्यात की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागू नये. टिळक रोडवरून घरी येताना ते वाक्य मी तोंडातल्या तोंडात घोळवत होते. एस. पी. कॉलेजच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी वळून पाहिलं, म्हणजे ते तोंडाबाहेर पडलं असणार. तेव्हा जाणवलं ते इतकंच, की या वाक्यात कोणी काही करतच नाही. शास्त्रीबोवा वारतात, तेवढीच काय ती हालचाल. 'थांबवितां येत नाहीं'. कोणाला येत नाही? कोणी थांबवायची? पंगतीत एक पाट मांडून ठेवलाय, पान वाढलंय, पण बसायला कोणी आलेलंच नाही, असं ते वाक्य आहे. आणि मग मसुदा काढून पाहिला तर त्या कारकुनाची निम्मी वाक्यं तशीच निघाली. मी ती ठरवून लिहिली नव्हती. हात आपोआप तसा गेला होता.

हाताला ती सवय कुठून लागली, हे थोडंफार माहीत आहे. या संहितेच्या बऱ्याच आधीपासून मी जुन्या कागदांची मोडी लिपी शिकते आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरं टांगत न्यायची. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही. वाचताना सुरुवातीला तर 'श्री' आणि आकडे सोडून काही लागतच नाही. एकदा पेशवे दफ्तरातला एक रुमाल समोर सोडलेला पाहायला मिळाला. जाडंभरडं कापड, वर्षानुवर्षं एकाच जागी पडून घट्ट झालेली गाठ, आत कागदांच्या उभट घड्या, आणि कसरीच्या औषधात मिसळलेला जुन्या कागदाचा तो कोरडा, किंचित आंबूस वास. एक घडी उलगडताना टेबलावर वाळूचे चार-दोन कण पडले. शाई सुकवायला टाकलेली वाळू घडीच्या मोडणीत अडकून दोनशे वर्षं तशीच राहिली होती. ती झटकायचं कोणाच्या जिवावर येईना. कागदात काय होतं, तर कुठल्याशा गावचं बैलावरून झालेलं भांडण. आणि शेवटी हुकूम: चौकशी करून, मनास आणून बंदोबस्त करणें, फिरोन बोभाट येऊं न देणें.

फिरोन बोभाट येऊं न देणें! बैल ज्याचा त्याला मिळावा, असं तो कागद म्हणत नाही. पुन्हा ओरड आमच्या कानी येऊ नये, एवढंच म्हणतो. हे वाक्य कोणा नाटककारानं लिहिलं असतं तर त्याला आपण फार धूर्त म्हटलं असतं. पण तो साधा रोजचा मायना आहे, असंख्य कागदांवर सापडणारा. 'आज्ञा जाहली', 'पाठवून देणें', 'येविसीं हयगय न करणें'. कोणाची आज्ञा, कोणी पाठवायचं, हे संदर्भावरून ज्याचं त्यानं ओळखायचं. कारकुनाच्या तोंडी हे घातलं की उपहास वेगळा लिहावा लागत नाही, तो व्याकरणातच वाढून ठेवलेला असतो. अर्थात एक पाचर आहेच. हे सगळं लिहिलेलं आहे, बोललेलं नाही. शनिवारवाड्याच्या मुदपाकखान्यात आचारी एकमेकांवर कसे खेकसायचे, दप्तरातून घरी गेलेला कारकून बायकोला पाणी कसं मागायचा, हे कोणी टिपून ठेवलं नाही. तेव्हा पेशवाईतला कुठलाही संवाद, माझा काय किंवा आणखी कोणाचा काय, बनावटच. प्रश्न उरतो तो बनावट कुठल्या सामानाची, एवढाच.

निर्मात्यांकडून एकच मागणी असते, की भाषा 'पेशवाई वाटली पाहिजे'. म्हणजे 'आम्हांस' आणि 'तुम्हांस' भरपूर, प्रत्येक वाक्याला एक आलाप, आणि पाणी मागतानासुद्धा बुरुजावर उभं राहून उपरणं उडवत बोलायचं. मी तिला मनातल्या मनात तटबंदीची भाषा म्हणते. वीररसाला ती चालत असेल, उपहासाला नाही, कारण तिच्यात कोणाला हळू आवाजात फसवता येत नाही. शिवाय आपल्या कानांची एक गंमत आहे. संस्कृत शब्द आला की तो आपल्याला जुना वाटतो आणि फारसी आला की परका. त्यामुळे 'दिनांक' आणि 'क्रमांक' पेशव्यांच्या तोंडी बिनदिक्कत खपतात. ते सावरकरांच्या भाषाशुद्धीबरोबर रुळलेले, म्हणजे विसाव्या शतकातले. उलट शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, सुमारे १४०० फारसी-यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देववले, आणि तरी पुढे शंभर वर्षांनी पुण्याच्या कागदांत बघावं तर हुजूर, मजकूर, रुजू, तजवीज, खातरजमा सगळे आपापल्या जागी बसलेले. कारकुनाची जीभ कोशाला दाद देत नाही. राज्य कोणाचंही येवो.

म्हणून मी एक पथ्य ठेवलं. शब्द नवा पाडायचा तर पाडायचा, पण हत्यारं त्या काळचीच वापरायची. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही खरी पदं. त्यांच्या रांगेत मी एक 'हयातनीस' बसवला. कोण जिवंत आहे हे ठरवण्याचा अखत्यार याचा. करांच्या यादीत म्हैसपट्टी, लग्नटका, पाटदाम हे खरे कर. त्यांच्या शेपटीला मी 'मयतपट्टी' जोडली. एका वाचनाला ओळखीची काही मंडळी बोलावली होती. त्यांत इतिहासाची आवड असलेले एक निवृत्त गृहस्थ होते. (पुण्यात वाचन ठेवलं की असे एक असतातच, बोलवावे लागत नाहीत.) ते म्हणाले, बाकी छान आहे, पण म्हैसपट्टी जरा अति होतंय, असा कर कोण लावेल? हयातनीस मात्र त्यांना फार आवडला. आमच्या आजोळी हे पद होतं म्हणाले, सनदही होती, पानशेतच्या पुरात गेली. मी मान डोलावली. सनद पुरात गेली म्हटल्यावर पुढे काय बोलणार!

आणखी एक वाक्य प्रत्येक मसुद्यात कुठून ना कुठून शिरतं. गोष्ट १८१६च्या श्रावणात घडते. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई होऊन सगळा कारभार आटोपणार आहे, हे प्रेक्षकाला शाळेपासून माहीत असतं. तरी कोणीतरी सुचवतंच, की एखाद्या म्हाताऱ्या पात्रानं आकाशाकडे बघत 'हें राज्य आतां फार दिवस टिकत नाहीं' असं म्हणावं. मी दर वेळी ते खोडते. बुडणाऱ्या राज्यातली माणसं पुढच्या श्रावणाच्या याद्या करत असतात, शाई महाग झाली म्हणून कुरकुरत असतात. त्यांना द्रष्टं केलं की ती आपल्या बाजूची होतात, आणि मग हसायचं कोणाला?

पण ही बिनकर्त्याची भाषा मी नुसती कागदांतून उचलली, असं म्हणणं अर्धवट होईल. माझं लहानपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. चौकात एक नळ आणि बिऱ्हाडं पुष्कळ. त्यांतल्या दोन बिऱ्हाडांचं बोलणं माझ्या जन्माआधीच बंद झालेलं होतं, आणि तरी त्यांच्यातला संवाद दिवसभर चालू असे. पहिल्या घरातल्या काकू तुळशीला पाणी घालताना तुळशीलाच सांगत, "काही लोकांना बादली भरल्यावर नळ बंद करायची सवय नसते." थोड्या वेळानं समोरच्या ओसरीवरून तांदूळ निवडता निवडता उत्तर येई, "काही लोक पहाटे चारला उठून सगळ्या वाड्याचं पाणी पळवतात, आणि वर तुळशीला भक्ती दाखवतात." कोणी कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाकडे बघितलं नाही. 'मला म्हणालात का?' असं विचारणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, त्यामुळे ते कोणी विचारत नसे. पुणेरी पाट्यांवर इतकं लिहून झालंय की आता त्यांच्याकडे बघवतही नाही. पण पाटी ही शेवटी मुकी वस्तू. खरी कारागिरी या बायकांच्या तोंडात होती. 'काही लोक' या दोन शब्दांत त्या शेजारणीला भर चौकात उभं करत आणि स्वतः नामानिराळ्या राहत.

आणि दुसरी आमची आत्याआजी. वडिलांची आत्या. ती यजमानांचं नाव तर घेत नसेच, पण 'हे' किंवा 'ते'सुद्धा म्हणत नसे. "तिकडून यायचं आहे अजून." "तिकडचं जेवण झालं की मग आपण बसू." लहानपणी मला वाटायचं की तिकडे नावाचं एक गाव आहे आणि आजोबा रोज संध्याकाळी तिथून येतात. आजोबा तापट होते. एकदा आमटी खारट झाली म्हणून वाटी भिंतीवर गेली. स्वयंपाकघराच्या त्या भिंतीला मातकट हिरवा रंग होता. त्यावरून आमटीचा ओघळ खाली येत होता आणि कढीलिंबाचं एक पान मध्येच चिकटून राहिलं होतं. आत्याआजी ओलं फडकं घेऊन पुसायला लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिकडून जरा रागावणं झालं." बस्स. वाटी कोणी फेकली नव्हती. एका दिशेकडून थोडं रागावणं आलं होतं.

कारकुनाच्या वाक्याशी मी झटत होते तेव्हा हे आठवलं आणि जरा अस्वस्थ व्हायला झालं. दरबारात जे व्याकरण जबाबदारी झटकायला उपयोगी पडतं, तेच घरात भीती झाकायला. वरच्याला कर्ता लपवायचा असतो म्हणून आणि खालचीला कर्त्याचं नाव घ्यायची सोय नसते म्हणून, पण वाक्य दोघांचं एकाच साच्यातून निघतं. ही दोन वाक्यं समोरासमोर आली तर काय होईल? माझ्या संहितेत शास्त्रीबोवांची विधवा होतीच, पण नुसती मागे उभी होती. दक्षिणा तिचा दीर उचलतो, कारकुनाला त्यातलं मिळतं, आणि हिच्या वाट्याला आलवण आणि कोपऱ्यातली खोली. तिला मी पुढे आणलं. कारकुनाच्या घराच्या मागल्या दारी ती येऊन उभी राहते, मान खाली, आणि सांगते:

"तिकडून जाणें झालें, त्याला सात वर्षें होतील भाद्रपदांत."

कारकून विचारतो, "कोठें जाणें जाहलें? काशीस?" आणि ती काही बोलायच्या आत पुढे सांगूनही टाकतो, की यात्रेस गेलेल्यांची दक्षिणा घरीं पोंचविण्याची वहिवाट आहे, चिंता नसावी. तिची अदब तो तिच्याच गळ्यात घालतो. त्याला कळलेलं नाही असं नाही, सगळं कळलेलं आहे. दोन-तीनदा ती त्याच वळणाची वाक्यं करून बघते. प्रत्येक वेळी तो आणखी नम्रपणे तिला काशीच्या वाटेवर पुढे ढकलतो, प्रयागपर्यंत, गयेपर्यंत. शेवटी तिला ते वाक्य म्हणावंच लागतं, जे तिनं उभ्या आयुष्यात केलेलं नाही. "ते मेले. मीं पाहिलें." हा प्रसंग लिहिताना मला हसू येत होतं आणि कुठेतरी ती मातकट हिरवी भिंत दिसत होती. विनोदी प्रसंग लिहिताना असं होऊ नये म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नका.

तिच्या तोंडची भाषा कुठून आणायची, हा वेगळाच पेच होता. दफ्तरात बाया येतात त्या वतनाच्या तंट्यात नाहीतर बदअंमलाच्या, म्हणजे व्यभिचाराच्या खटल्यात, आणि त्यांचं बोलणं कारकुनाच्या बोरूतून गाळूनच येतं. मी शेवटी जात्यावरच्या ओव्यांकडे गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांना बरोबर घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या पेशवाईतल्या नव्हेत, गेल्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या तोंडून घेतलेल्या आहेत. आणि माझी बाई पेठेतली ब्राह्मण विधवा, ओव्या मावळातल्या कष्टकरी बायांच्या. अंतर आहेच. तरी जात्याशी बसलेली बाई उंबऱ्यात जे बोलू शकत नाही ते दगडाला कसं सरळ सांगते, वाक्य किती आखूड ठेवते, नात्याला नावानिशी कशी हाक मारते, हे त्यातून कानात उतरलं. शब्द मी एकही घेतला नाही. फक्त तिच्या वाक्यांची लांबी कमी केली.

पुण्यात पेशवाईवर उपहास लिहायला बसलं की कोणी ना कोणी तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चं नाव काढतंच. १९७२मध्ये भरत नाट्य मंदिरात ते पहिल्यांदा उभं राहिलं, त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली, आणि तरी आमच्यासारख्यांच्या मानगुटीवरून ते काही उतरत नाही. तिथे माणसांची रांग पाठ फिरवून पडदा होते, कीर्तन, अभंग आणि लावणी एकमेकांत शिरतात, आणि खोटेपणा गाण्यातून, ठेक्यातून बोलतो. रंगभूमीला ते शक्य आहे. कॅमेरा मात्र कारकुनाच्या नाकापासून हातभर अंतरावर असतो. तिथे ठेका धरला की तोच नाटकी वाटतो. माझ्या माणसांना कुजबुजतच लबाडी करावी लागणार. मला खरं तर त्याहून जुनी एक सावली जास्त जवळची वाटते. जोतीराव फुल्यांनी १८५५मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे, तिचा भाबडा नवरा आहे, पाद्री आहे, आणि बाजूला उभा राहून सगळ्यांचं पितळ उघडं पाडणारा विदूषक आहे. ते नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं आणि कमिटीनं ते स्वीकारलं नाही. ही कमिटी म्हणजे तरी काय? रमण्यातल्या त्याच दक्षिणेचा पैसा पेशवाई गेल्यावर साहेबाच्या हाती आला, त्यातून पाठशाळा निघाली, बक्षिसं निघाली. यादी तीच, फक्त रुमाल बदलला. हे वाचल्यावर काही दिवस मला माझ्या संहितेतही एक विदूषक घालावासा वाटत होता. नाही घातला. हल्ली प्रेक्षकाला कोण लबाड ते कोणी बोट दाखवून सांगितलेलं आवडत नाही, आणि माझा कारकून इतका मन लावून काम करतो की त्याच्या शेजारी दुसरा विदूषक उभा राहिला तर त्याचा अपमान होईल.

संवाद कागदावर उतरवण्याची एक युक्ती मात्र मोडीनंच दिली. आपली स्वल्पविराम-प्रश्नचिन्हांची सगळी फौज मराठीत आली ती मेजर कँडींच्या हातून. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचं पुस्तक १८५०चं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हेच कँडी होते. १८५७च्या त्या दुसऱ्या आवृत्तीत साठेक हजार शब्द आहेत, आणि शिव्या, धुसफुशी, खेकसणी यांची इतकी आस्थेनं नोंद आहे की अडलं की मी तिथेच जाते. तर म्हटलं, १८१६च्या कारकुनाला कँडींचे स्वल्पविराम कशाला? त्याची लांब वाक्यं मी एकही चिन्ह न घालता टाइप करून दिली. नट आधी वैतागले. मग त्यांना आपापला श्वास सापडायला लागला, आणि एकाच वाक्याचे दोन नटांकडून दोन अर्थ निघायला लागले. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याहूनही शेवटी. कारकून वाक्य सुरू करतो तेव्हा समोरच्याला वाटतं काम झालं, मध्यावर वाटतं निदान चौकशी तरी होईल, आणि अगदी टोकाला जाऊन तो हलकेच 'नाहीं' ठेवतो. अधलीमधली चिन्हं काढल्यावर ते 'नाहीं' कुठून येणार हे कळेनासं झालं. एवढ्यासाठी तरी साहेबाला क्षमा नाही.

आता राहिला त्या पोराचा प्रश्न. मी त्याला काय उत्तर देणार होते कोण जाणे. त्यानं ते स्वतःच आणलं. पुढच्या तालमीला आला तो बोरू आणि चाकू घेऊन. जमिनीवर बसला, वाक्याच्या पहिल्या शब्दाबरोबर बोरूचं टोक तासायला घेतलं. बारीक साली मांडीवर पडत होत्या. चाकू अंगठ्याकडे येई आणि अगदी कातडीशी थांबे. अख्खं वाक्य त्यानं बोरूकडे बघत म्हटलं आणि फक्त 'हयात' या शब्दाला मान वर केली. नजर इतकी मायाळू की शास्त्रीबोवांच्या तब्येतीची चौकशीच करतोय जणू. कोणीही हसलं नाही. पहिल्या वाचनाला हशा झाला होता त्यापेक्षा हे किती तरी भयंकर होतं, आणि अर्थातच चांगलं.

चहाला खाली उतरलो तेव्हा विचारलं, हे कुठून आलं? म्हणाला, "नोव्हेंबरात वडलांना घेऊन हयातीच्या दाखल्याला गेलतो." वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. आयुष्यभर खडू आणि सुट्टीत शेती, बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्रावर अंगठा उठेना. उजवा झाला, डावा झाला, ओल्या रुमालानं पुसून झाला. "खिडकीवरचा माणूस लई चांगला हो. वडलांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, गुरुजी, मशीन तुम्हाला घेत नाही." बशीत चहा ओतत तो पुढे म्हणाला, "त्यात तो खोटं कुठं बोलला? मशीन घेतच नव्हतं." मी पेन्शनरांच्या या गावात जन्म काढला, दर नोव्हेंबरला बँकांपुढच्या रांगा बघितल्या, आणि हयातनीस शोधायला दोनशे वर्षं मागे गेले होते.

त्या दिवशी संध्याकाळी विधवेचा प्रसंग उभा करून पाहिला. आमची नटी तरुण आहे, पण तिनं ते "ते मेले. मीं पाहिलें" असं काही म्हटलं की दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. संहितेप्रमाणे इथे कारकुनानं गप्प बसायचं होतं. मोठी शांतता, मग पुढचं दृश्य. मी त्या शांततेवर फार खूश होते. पण शांतता लांबली, आणि आमचा कारकून बोरू शाईत बुडवून, कागदावर काहीतरी टिपत, अतिशय अदबीनं म्हणाला:

"हें बाईंचें म्हणणें झालें. आतां शास्त्रीबोवांचें म्हणणें काय?"

सदरहू वाक्य नव्या मसुद्यात दाखल करण्यात आलेलं आहे. ते कोणी सुचवलं याची नोंद ठेवण्याची वहिवाट आमच्या धंद्यात नाही.